दारासिंगची कुस्ती खरी होती का?



रविवारची वंदना आटोपली की विहाराच्या ओट्यावर पोरे मला घेरतात. अभ्यासातले काही विचारतील म्हणून मी सावरून बसतो, तर प्रश्न येतो, "काका, डब्ल्यूडब्ल्यूईतली मारामारी खरी असते का हो?" पूर्वी केबलवर पाहणाऱ्या पोरांनी हेच विचारले होते, आता मोबाईलवर पाहणारी त्यांची मुले विचारतात. हो किंवा नाही असे एका शब्दात सांगून भागण्यासारखे हे प्रकरण नाही. म्हणून या वेळी जरा मागे जातो, १९६८ सालात.

२९ मे १९६८, बुधवार. त्या दिवशी मुंबईत दारासिंग आणि अमेरिकेचा लू थेझ यांची फ्रीस्टाईल कुस्ती झाली. दारासिंग जिंकला आणि जगज्जेता म्हणून त्याचा देशभर डंका वाजला. तिकीट काढून पाहायच्या कुस्त्यांत आपल्याकडे एवढे नाव दुसऱ्या कुस्तीचे क्वचितच झाले असेल.

आता आपल्या पाटण तालुक्याच्या बाजूने ही तारीख पाहा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. १८० च्या आसपास माणसे गेली, हजारो घरे पडली. त्याला अजून सहा महिनेही पुरे झाले नव्हते. गावाकडे बायकामुले मिळेल त्या आडोशाला, पाऊस तोंडावर आलेला, आणि घरचा कर्ता माणूस मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत. मनिऑर्डर करून उरलेल्या पैशात त्याने खाणावळ भागवायची. तरीसुद्धा फ्रीस्टाईलचे तिकीट काढणारे लोक होतेच. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग, किंगकाँग यांच्या कुस्त्या लागत. वरळी, नायगाव, डिलाईल रोड इथल्या बीडीडी चाळींत आपली सातारा-सांगलीकडची किती कुटुंबे दहा बाय बाराच्या खोलीत राहत होती, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको.

आमच्या वस्तीत एक आजोबा होते. जन्मभर साचा खात्यात राबले. आम्ही तरुणपणी त्यांना हाच प्रश्न विचारत असू. ते म्हणायचे, "खरं-खोटं त्या पंचाला ठावं. पर मुकादम कधी पडलेला बघितला नव्हता, तो तिथं पडताना बघितला." किंगकाँग म्हणजे मुकादम, गोरा पैलवान म्हणजे साहेब, असा त्यांचा हिशेब होता. मला वाटते, लोक तिकिटाचे पैसे मोजत होते ते याचेच. खात्यात, गावात, कचेरीत जो कधी पडत नाही तो तासाभरात उताणा पडतो, हे पाहायला कुणाला आवडणार नाही?

आता हे दोघे पैलवान कोण ते पाहू. दारासिंग अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचक गावचा शेतकऱ्याचा पोरगा. १९४७ साली तो सिंगापूरला गेला, ड्रम तयार करणाऱ्या कारखान्यात कामाला लागला आणि तिथेच हरनामसिंग यांच्या हाताखाली फ्रीस्टाईल शिकला. म्हणजे आधी कामगार, मग पैलवान. (पुढे टीव्हीवर हनुमान झाला. त्याबद्दल आपण काय बोलणार!) लू थेझचा बाप जोडे शिवणारा, युरोपातून पोट भरायला अमेरिकेत आलेला. त्या बापानेच पोराला कुस्ती शिकवली आणि १९३७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो पोरगा तिकडे जगज्जेता झाला. त्याच १९३७ साली आपल्याकडे जोडे शिवणाऱ्याच्या पोराने जत्रेच्या फडात शड्डू ठोकला असता तर काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता मूळ प्रश्न. थेझचा जन्म १९१६ चा, म्हणजे मुंबईत उतरला तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. दारासिंग एकोणचाळीसचा. थेझचे नाव ज्या जगज्जेतेपदामुळे झाले, ते नॅशनल रेसलिंग अलायन्सचे अजिंक्यपद तर त्याने जानेवारी १९६६ मध्येच जीन किनिस्कीपुढे गमावले होते. तेव्हा मुंबईत पणाला लागले ते कुठले जगज्जेतेपद? या धंद्यात जगज्जेते एकाच वेळी चार-पाच असतात. ज्या शहरात तिकिटे विकायची, त्या शहरापुरते पोस्टरवर जग मावते. थेझने पुढे दारासिंगबद्दल चांगलेच सांगितले आहे. हा माणूस अस्सल पैलवान होता, अंग उत्तम कमावलेले होते, त्याच्याकडून हरायला आपली हरकत नव्हती, असा त्याच्या सांगण्याचा आशय. नीट वाचा. 'त्याने मला हरवले' असे नाही, 'हरायला हरकत नव्हती' असे. शहाण्याला अधिक सांगणे न लगे.

आपल्या तालमीच्या भाषेत याला नुरा कुस्ती म्हणतात. जत्रेच्या फडात दोन पैलवान आतून मिळाले आहेत असा नुसता वास आला तरी लोक हुर्यो करतात, कारण तिथे निकाली कुस्तीचे इनाम लागलेले असते. फ्रीस्टाईलची गोष्ट निराळी. ते वगनाट्य आहे. वगातला राजा खोटा, त्याचे मरणही खोटे, पण ढोलकी वाजवणाऱ्याची बोटे रात्रभर खरीच झिजतात. फ्रीस्टाईलमध्ये निकाल आधी ठरवता येतो. बावन्नाव्या वर्षी फळकुटांच्या रिंगणावर पाठ आपटून घेताना लागणारा मार आधी ठरवून कमी करता येत नाही.

आता कुणी म्हणेल, मग खरी कुस्ती कुठली? त्यासाठी आपल्याला लांब जायला नको. पाटणहून एसटीने कराडला उतरावे, गोळेश्वर तिथून जवळच आहे. खाशाबा दादासाहेब जाधव त्या गावचे. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नाहीत. सरकारी मदत वेळेवर मिळाली नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी झुंज झाल्यावर मध्ये विश्रांती मिळायला हवी होती. पण खाशाबांच्या वतीने भांडायला एकही भारतीय अधिकारी जागेवर नव्हता आणि दमलेल्या अंगानेच त्यांना रशियाच्या मल्लापुढे उतरावे लागले. तरी ५७ किलो गटात ब्राँझपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

माझ्या मनात जास्त घर करून राहिली आहे ती त्यानंतरची गोष्ट. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, त्यात स्वतः लढले, जिंकले, आणि आलेल्या पैशातून गुरूंचे गहाण पडलेले घर सोडवले. तोही तिकिटाचाच खेळ होता! ऑलिंपिकचे पदक खुंटीला अडकवून परत मातीत उतरायचे, हरलो तर अब्रू जाणार हे माहीत असून उतरायचे, आणि गल्ला दुसऱ्याच्या हातात ठेवायचा.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. बावीस वर्षे त्याच हुद्द्यावर राहिले. म्हणजे मे १९६८ मध्ये दारासिंगच्या नावाने टाळ्या पडत होत्या, तेव्हा देशाचा खरा ऑलिंपिकवीर बढतीची वाट पाहत कुठल्याशा ठाण्यात ड्यूटी करत होता. मी स्वतः कारकून माणूस आहे, बढतीची फाईल कशी अडकते हे मला माहीत आहे; पण ऑलिंपिक पदकवाल्याचीही अडकते, हे वाचले तेव्हा वाईट वाटले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, घरच्यांनी स्वीकारायचा.

नव्वदीच्या दशकात पाटणला केबल आली आणि पोरांच्या हातात त्या अमेरिकी पैलवानांचे पत्ते आले. वजन किती, छाती किती, कुणाचा नंबर कितवा, सगळे तोंडपाठ. सातचा पाढा मात्र चुकायचा! तिकडे अमेरिकेत हा खेळ घरी टीव्हीवर पाहायलाही एकेका कार्यक्रमाचे वेगळे पैसे भरावे लागत. २९ मार्च १९८७ रोजी हल्क होगनने अगडबंब आंद्रेला उचलून आपटला, तो कार्यक्रम असाच घरोघर विकला गेला. आणि हे सर्व नाटक आहे हे त्या कंपनीनेच १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे मान्य केले. सत्याच्या प्रेमाने नव्हे. खेळ म्हटला की सरकारी नियम लागतात, करमणूक म्हटली की सुटका होते!

त्याच कंपनीचा २३ मे १९९९ चा कार्यक्रम मी पोरांना मुद्दाम सांगतो. कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट नावाच्या चौतीस वर्षांच्या पैलवानाला छतावरून दोराने खाली सोडायचे ठरले होते, लोकांना मजा वाटावी म्हणून. कडी आधीच सुटली. सुमारे ७८ फुटांवरून तो रिंगणात पडला आणि गेला. थोडा वेळ थांबून कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला. ज्या रिंगणात माणूस पडला, त्याच रिंगणात पुढच्या कुस्त्या लागल्या, कारण लोकांनी पैसे भरले होते. त्याच्या कुटुंबाने दावा लावला तेव्हा पुढच्या वर्षी कंपनीने १ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. गिरणीत पट्ट्यात हात गेला तरी साचे बंद होत नसत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे काही नवीन वाटणार नाही.

हे पैलवान कागदोपत्री त्या कंपनीचे नोकर नसतातच. स्वतंत्र कंत्राटदार म्हणून त्यांच्याशी करार होतो. युनियन नाही, आजारपणाची हमी नाही. आपल्याकडे सफाई खात्यात, सिक्युरिटीत जी कंत्राटी पद्धत आली तीच ही, फक्त अंगावर झगमगीत कपडे. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामाचे तास आणि खाणीतल्या बायकांची बाळंतपणाची रजा यासाठी कायदे आणले, त्या बाबासाहेबांची लेकरे आपण. तेव्हा पैलवानाकडे आपण कामगार म्हणून पाहावे, असे मला वाटते. खेळ पाहायला माझी ना नाही. ब्रह्मजाल सुत्तात मुष्टियुद्ध आणि कुस्तीचे फड पाहणे वर्ज्य सांगितले आहे ते भिक्खूंना, आपल्याला नव्हे. आणि ललितविस्तरात तर खुद्द सिद्धार्थकुमार शाक्य तरुणांशी कुस्ती खेळून जिंकतो.

मात्र अनुकरण नको. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत एकाने पाण्याच्या टाकीवरून दुसऱ्याच्या अंगावर उडी टाकली आणि खालच्याचे हांसळीचे हाड मोडले. मान गेली असती तर? टीव्हीवरचे दोघे एकमेकांना सांभाळून पाडतात, ते शिकायला त्यांची वर्षे गेलेली असतात, हे पोरांना समजावून सांगा. नुसते ओरडून काही होत नाही.

यात आपलाही एक प्रश्न आहे. कित्येक गावांत फडातली हलगी आपल्या माणसांनी वाजवायची आणि कुस्ती इतरांनी धरायची, असा रिवाज होता. १९५६ नंतर आपण जत्रा सोडली, हलगी खाली ठेवली, ते योग्यच झाले. पण तालीम काही आपल्याकडे आली नाही. जोर-बैठका, लंगोट, लाल माती हे 'त्यांचे' असे आपणच धरून बसलो. खासबागेचे मैदान बांधणारे शाहू महाराज आणि १९२० च्या माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी उभे राहणारे शाहू महाराज एकच होते, हे आपण विसरलो.

आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीपासून विहारामागच्या मोकळ्या जागेत दोन जुन्या गाद्या टाकून सुरुवात केली आहे. सैन्यातून निवृत्त झालेले एक बांधव पहाटे येतात. पडायचे कसे, एवढेच पहिला महिनाभर शिकवले. दहा-बारा पोरे टिकली आहेत. परवा एक बाई मुलीला घेऊन आली आणि दारातच अडखळली, मुलींना घेता का म्हणून. मी तिला सांगितले, सांगलीत मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. मुलगी सातवीत आहे. सोमवारपासून येते. गाद्या अपुऱ्या पडू लागल्या आहेत. ज्यांच्याकडे जुन्या पडून असतील त्यांनी विहारात आणून द्याव्यात, कापूस आम्ही पिंजून घेऊ.