गल्लीचा मालक कोण?

आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, तीन-चार तासांपुरती आळीतील एखादी गल्ली मोटारींस बंद करून मुलांस व वृद्धांस मोकळी द्यावी, एवढी साधी सूचना कोणी केली की आमच्या सुशिक्षित समाजातील पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात. नवल हे की, ज्यांची मुले सुटीच्या दिवशी खिडकीच्या गजांस नाक लावून बसलेली असतात, तेच गृहस्थ विरोधास सर्वांआधी उभे राहतात.

रस्ता हा वाहनांकरिता आहे, हा त्यांचा पहिला सिद्धांत. पुण्याचा लक्ष्मी रस्ता अनंत चतुर्दशीस वाहनांस बंद असतो, आणि अलीकडे मिरवणूक चोवीस तासांतही आटोपत नसल्यामुळे दुसऱ्या दिवशीही बराच वेळ तो बंदच राहतो. पालख्या आल्या, पुढाऱ्यांची स्वारी निघाली, की रहदारी वळविली जाते. तेव्हा हे सिद्धांतवादी मुकाट्याने दुसऱ्या वाटेने जातात. देवास व पुढाऱ्यास मिळणारा मान पोरांस मिळू नये, इतकाच मग या सिद्धांताचा अर्थ उरतो! कायद्याची अडचण म्हणावी, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमान्वये सार्वजनिक सुरक्षिततेसाठी अथवा सोयीसाठी वाहनांस बंदी घालता येते; ती एक महिन्याहून अधिक काळाची नसेल तर राजपत्रातील अधिसूचनेचीही गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते.

दुसरा आक्षेप, हे परदेशी खूळ आहे. मोटार तेवढी स्वदेशी होती काय? इंग्लंडात गल्ल्यांस क्रीडांगणाचा दर्जा देणारा कायदा १९३८ साली झाला, हे खरे. पण या बाबतीत सर्वांत मोठा धडा दिला तो कोलंबियासारख्या बेताच्या ऐपतीच्या देशाने. तेथील बोगोटा शहरी १९७४ पासून ही प्रथा आहे, आणि आज दर रविवारी व सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते पायी चालणारांस व सायकलस्वारांस मोकळे असतात. ते शहर त्यापायी बुडाले नाही.

आमच्याकडे काहीच झाले नाही असे नव्हे. पुणे महानगरपालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन पाळून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसा वाहनांस बंद ठेवला. उपक्रम स्तुत्य खरा. परंतु वर्षातून एक दिवस पादचाऱ्याचा म्हणजे पोळ्याचा बैलच की! एक दिवस शिंगांस बेगड, उरलेले वर्षभर मानेवर जू. शिवाय लक्ष्मी रस्ता पडला बाजारपेठेचा; तेथे मनुष्य मोकळा झाला तरी दुकानाकडेच वळणार. ज्या पोरास चेंडू टाकावयाचा आहे, त्यास लक्ष्मी रस्ता काय कामाचा? त्यास हवा आहे तो आपल्या दाराशीच.

आणि दाराशी काय असते? उभ्या गाड्या. आमच्या मते या साऱ्या वादाचे मूळ येथेच आहे. सिद्धांतबिद्धांत सर्व वरवरचे. जिन्याखाली कोणी आपले कपाट आणून ठेवले तर शेजारी भांडावयास उठतील. तोच गृहस्थ कपाटाच्या कितीतरी पट मोठी गाडी सार्वजनिक रस्त्यावर रात्रंदिवस फुकट उभी करतो आणि त्या जागेस आपली म्हणतो. ती चार तास दुसरीकडे न्यावी लागेल, हे खरे दुःख. रुग्णवाहिका कशी येणार, असे तोच पुन्हा मोठ्या काळजीने विचारतो! माणसे हाकेसरशी बाजूस होतात. दुहेरी रांगेत लावलेल्या गाड्या होत नाहीत.

तथापि सर्वच गल्ल्या या कामी योग्य नव्हेत. जीत इस्पितळ आहे अथवा जीतून बस जाते, ती वगळावी. रहिवाशांची संमती आधी घ्यावी, दोन्ही टोकांस सहज सरकवता येतील असे अडसर ठेवून आळीतीलच माणसे उभी करावी, आणि ज्यांस निकडीचे जाणेयेणे आहे त्यांच्या गाड्या पायी चालीने सोडाव्या. इंग्लंडातील गल्ल्यांत असेच करतात.

एक महिन्याच्या मुदतीत चार रविवार बसतात. तेवढे आळीने मागून घ्यावे. त्यांत मोटारमालकांचे काय नुकसान झाले याचा हिशेब त्यांनी पाचव्या रविवारी खुशाल मांडावा. आम्ही तो अगत्याने वाचू.