गाडीचा आवाज आणि आपले कान



माकणीच्या आमच्या वस्तीत चारचाकी म्हणजे धाकट्या भावाची जुनी मारुती ८००. दोन मालकांच्या हातून फिरून ती आमच्याकडे आली. बाळंतपणाची बाई लोहाऱ्याला न्यायची असो की लातूरच्या दवाखान्यातून पेशंट आणायचा असो, वस्ती हीच गाडी सांगते. पेट्रोल ज्याचे त्याने टाकायचे. म्हणून या गाडीचे इंजिन हा आमच्याकडे घरगुती विषय नाही, वस्तीचा विषय आहे.

दोन वर्षांपूर्वी ५ डिसेंबरला आम्ही पाच जण चैत्यभूमीला निघालो. आईने सत्तरी ओलांडलेली. ती पहिल्यांदाच दादरला चालली होती, पांढरी साडी नेसून, पिशवीत मेणबत्त्या घेऊन. लोहारा सुटले आणि इंजिनातून ठकठक ऐकू येऊ लागली. भाऊ म्हणाला, जुनी गाडी आहे, वाजणारच. आम्ही काय केले? भीमगीतांची टेप मोठी केली. इंजिन ऐकू येईना, म्हणजे इंजिन ठीक झाले, असा आमचा समज. बी.कॉम. शिकलेल्या माणसाचे हे शहाणपण! सोलापूर, मोहोळ, टेंभुर्णी मागे पडले. भीमा नदीच्या अलीकडे तेलाचा लाल दिवा लागला, एकच मोठा दणका बसला आणि गाडी जागीच आवळली. ६ डिसेंबरची सकाळ आमच्यासाठी एका ढाब्याच्या आडोशाला उजाडली. आईने मेणबत्ती तिथेच लावली. ती कोणाला काही बोलली नाही. ते जास्त लागले.

पुढे इंजिन खोलले तेव्हा मिस्त्रीने बेअरिंगचा झिजलेला तुकडा हातावर ठेवला. पिस्टनचा दांडा ज्या क्रँकवर फिरतो तिथे हे बेअरिंग असते आणि दोघांच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो. तेल कमी पडले की थर तुटतो, लोखंडाला लोखंड लागते, फट वाढते, आणि दर फेऱ्याला दांडा हातोडीसारखा आदळतो. हा आवाज खोल असतो, इंजिनच्या खालच्या अंगातून येतो, चढावर किंवा भार पडला की वाढतो. तो आला की पुढच्या गावापर्यंत जाऊ असे म्हणू नये. रस्त्याच्या कडेला घ्यावे, इंजिन बंद करावे. ओढून नेण्याचा खर्च नव्या क्रँकपेक्षा कमीच असतो. आम्ही निघण्यापूर्वी तेलाची पट्टी काढून पाहिली असती, तर एवढे रामायण घडलेच नसते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटे थांबून, पट्टी पुसून पुन्हा घालून पाहायची. दोन खुणांच्या मध्ये तेल हवे. हे काम घरातले कोणीही करू शकते.

यंदा पावसाळ्यात गाडी पुन्हा वाजू लागली. पोळलेले आम्ही तातडीने एका गॅरेजात गेलो. तिथल्या गृहस्थाने बॉनेट उघडून नुसते पाहिले आणि म्हणाला, इंजिन उतरावे लागेल, २५ हजार धरून चाला. भाऊ कर्ज काढायला निघाला होता. आमची पुतणी आय.टी.आय.ला मोटार मेकॅनिकचा कोर्स करते. ती म्हणाली, काका, आधी ऐकू तरी द्या.

तिने लांब पेचकस घेतला. ओढणी काढून ठेवली, कारण पंखा आणि पट्टा फिरत असताना ओढणी, मफलर, बांगड्या यांचे काम नाही. पेचकसाचे टोक इंजिनच्या एकेका जागी टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला. डॉक्टरांच्या नळीसारखेच हे. खाली आवाज पुसट, वर झाकणावर मात्र स्पष्ट टकटक. हलकी, शिवणयंत्रासारखी, इंजिनच्या वेगाच्या निम्म्या तालाची. व्हॉल्व्ह चालवणारी दांडी क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकच फेरा घेते, म्हणून ताल निम्मा. हा टॅपेटचा आवाज. झिजेने अंतर वाढले होते. फीलर गेजच्या पातळ पात्या घालून तिच्या मास्तरांनी ते बसवून दिले. काही शेकड्यांत काम झाले.

तिने आम्हाला एक सवय लावली: आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो ते आधी विचारायचे. गाडी उभी असताना रेस वाढवून आवाज वाढला तर दोष बहुधा इंजिनाकडे. चालत्या गाडीत इंजिन मंद केले तरी चाकाच्या वेगाने वाजत राहिला तर चाकाचे बेअरिंग पाहा. क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर क्लचचे बेअरिंग, दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्स. वळण घेताना कटकट आली तर पुढच्या चाकांचे जॉइंट. सकाळी किंवा पावसात चीं-चीं झाली तर पट्टा सैल. वरच्या गिअरमध्ये चढ घेताना टणटण झाली तर इग्निशनचे टायमिंग किंवा भेसळीचे पेट्रोल. सायलेन्सर फुटला की काय होते ते सांगायला नको, अख्खी वस्ती सांगते.

हे सारे लिहिताना चाळीसगाव आठवते. १९२९ साली सरकारने नेमलेल्या समितीचे काम आटोपून बाबासाहेब तिथे उतरले. महारवाड्यात नेण्यासाठी टांगा हवा होता. एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. आपल्यातल्याच एका माणसाने, ज्याला हाकायची सवय नव्हती, लगाम धरला. पुलावर टांगा दगडांत अडकला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. लगाम धरू न देणाऱ्या व्यवस्थेचा तो अपघात होता. आज आमच्या घरातली मुलगी बॉनेट उघडते आणि बाकीचे गप्प उभे राहून ऐकतात, तेव्हा आम्हाला त्या पुलाची आठवण येते.

येत्या ५ डिसेंबरला आई पुन्हा निघणार आहे. तेल बदलले आहे, जादा डबा डिकीत टाकला आहे. पुतणी पुढच्या सीटवर बसणार. सोलापूर येईपर्यंत टेप लावायची नाही, असे तिने तिच्या बापाला बजावले आहे.