पहिली भिंत काढण्याआधी

प्रति,
मा. सचिव,
सार्वजनिक बांधकाम विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.



विभागाने आपल्या इमारतींच्या बिम मॉडेलसाठी (म्हणजे इमारतीची सगळी माहिती सांभाळणाऱ्या संगणकीय मॉडेलसाठी) सामाईक टेम्पलेटे, म्हणजे मॉडेल सुरू करण्याच्या तयार फायली, तयार कराव्यात आणि त्या राज्यातल्या प्रत्येक वास्तुविशारदाला, अभियंत्याला व कंत्राटदाराला मोफत द्याव्यात, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

सरकारी इमारत पन्नास-साठ वर्षे वापरात राहते. सॉफ्टवेअर तेवढे टिकत नाही. रेव्हिट या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि आर्किकॅड हे दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ती तशीही परकीच. म्हणून मॉडेलच्या देवाणघेवाणीसाठी आयएफसी हे खुले फाइल-स्वरूप आहे. २०१३ साली ते आयएसओ १६७३९ हे आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि त्यावर कुणा एका कंपनीची मालकी नाही. पण निविदेत ‘आयएफसी फाइल सादर करावी’ अशी एक ओळ घातली की काम झाले, असे मानणे धोक्याचे आहे. फाइल मिळते, तिच्यातली माहिती भरवशाची असेलच असे नाही. तो भरवसा पहिली भिंत काढण्याआधी, टेम्पलेटमध्ये ठरतो.

आपल्याकडचा साधा छज्जा घ्या. एक जण तो स्लॅब म्हणून काढतो, दुसरा छप्पर म्हणून, तिसरा ‘जेनेरिक मॉडेल’ म्हणून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. आयएफसीत मात्र तिसऱ्याचा छज्जा ‘प्रॉक्सी’ बनतो, म्हणजे आकार आहे पण ओळख नाही अशी वस्तू. मग अंदाजपत्रकासाठी छज्ज्यांचे काँक्रीट मोजायला बसलेल्या शाखा अभियंत्याला प्रत्येक मॉडेलमध्ये ते वेगळ्या जागी शोधावे लागते. आयएफसी ४ मध्ये ऊन अडवणाऱ्या घटकांसाठी वेगळा वर्ग आहे. छज्जा तिथे न्यायचा की स्लॅबमध्ये ठेवायचा, यावर मतभेद होऊ शकतात. माझे मत स्लॅबच्या बाजूने आहे, कारण त्याचे काँक्रीट आणि सळई स्लॅबसारखीच मोजली जाते. पण निर्णय विभागाने एकदाच घ्यावा आणि टेम्पलेटमध्ये बसवून टाकावा. जोते, कट्टा, पडवी, जांभ्याची भिंत, पाण्याची टाकी यांचेही तसेच.

मजल्यांचा घोळ याहून मोठा. आपण जोते, खिडकीचा तळ, लिंटेल अशा सगळ्या पातळ्या मॉडेलमध्ये काढतो. रेव्हिटमध्ये प्रत्येक पातळीसमोर ‘हा मजला आहे’ अशी खूण करायचा चौकोन असतो. ती खूण सगळीकडे राहिली, तर दुमजली इमारत आयएफसीत सहा-सात मजल्यांची होते आणि दारे-खिडक्या भलत्याच ‘मजल्यावर’ नोंदल्या जातात. टेम्पलेटमध्ये ही खूण फक्त खऱ्या मजल्यांवर ठेवणे हे काही मिनिटांचे काम आहे. ते न केल्याने पुढे काय काय निस्तरावे लागते, हे मॉडेल तपासणाऱ्या कुणालाही विचारा.

जागेच्या निर्देशांकांबाबत महाराष्ट्राला विशेष काळजी घ्यावी लागेल. ७८ अंश पूर्व रेखांश आपल्या राज्यातून जातो आणि त्याच्या दोन बाजूंना यूटीएम या नकाशा-निर्देशांक पद्धतीचे दोन पट्टे आहेत. मुंबई, पुणे, नाशिक ४३ व्या पट्ट्यात. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ व्या. नागपूरचे निर्देशांक चुकून ४३ व्या पट्ट्याचे म्हणून वाचले, तर इमारत सुरतेजवळ जाऊन पडते! म्हणून दोन पट्ट्यांची दोन टेम्पलेटे असावीत आणि कोणते वापरायचे ते जिल्ह्यानुसार ठरलेले असावे.

गुणधर्मांच्या नावांबद्दल थोडक्यात. भिंत भारवाही आहे का, बाहेरची आहे का, आग किती वेळ रोखते, यासाठी आयएफसीत ठरलेली नावे आहेत. प्रत्येक कार्यालयाने स्वतःची नावे शोधू नयेत. विभागाच्या दरसूचीतला बाब क्रमांक तेवढा जोडावा, म्हणजे मॉडेल आणि मोजमाप पुस्तक एकमेकांशी बोलू लागतील. खोल्यांची नावे मराठीत ठेवायला तांत्रिक अडचण नाही. आयएफसी देवनागरी अक्षरे सांभाळते.

फिनलंडच्या सरकारी इमारती सांभाळणाऱ्या सेनेट प्रॉपर्टीजने ऑक्टोबर २००७ पासून आयएफसी मॉडेल मागायला सुरुवात केली. सिंगापूरने कोरनेट एक्स या मंजुरी व्यवस्थेसाठी ‘आयएफसी+एसजी’ ठरवताना वेगवेगळ्या सॉफ्टवेअरची तयार टेम्पलेटेही दिली. मला हे दुसरे उदाहरण अधिक मोलाचे वाटते, कारण तालुक्याच्या गावी दोन-तीन माणसांनिशी चालणाऱ्या कार्यालयाला मानकाचे शेकडो पानी दस्तऐवज वाचणे शक्य नसते. तयार टेम्पलेट मात्र तेही उघडू शकते.

सुरुवात एखाद्या शासकीय विश्रामगृहापासून करावी. रेव्हिट, आर्किकॅड आणि मोफत मिळणारे बॉन्साय या तिन्हींत त्याचे मॉडेल करून घ्यावे, तिन्ही आयएफसी फायली एकमेकींशी ताडून पाहाव्यात, आणि जुळल्यावर टेम्पलेटे विभागाच्या संकेतस्थळावर खुली ठेवावीत. चुका कळवण्यासाठी एक जबाबदार अधिकारीही नेमावा. या कामासाठी एखादा गट स्थापन झाला, तर त्यात विनामोबदला काम करायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक वास्तुविशारद