मलेशियाची मोटार, थायलंडचा कारखाना आणि भोसरीचा गाळा

नव्वदच्या दशकात आपल्याकडे चार सुशिक्षित माणसे एकत्र बसली आणि व्यापार-उद्योगाचा विषय निघाला की मलेशियाचे नाव हटकून येई. डॉ. महाथीर महंमद पंतप्रधान, मुस्लिमबहुल देश आणि स्वतःच्या नावाची मोटार! शेजारच्या थायलंडचे नाव मात्र कोणी घेत नसे. तांदूळ पिकवणारा आणि पर्यटकांवर जगणारा देश, एवढीच आपली त्याच्याविषयी समजूत. प्रस्तुत लेखकही त्याच बैठकीतला. म्हणून या दोन शेजाऱ्यांचा हिशेब आज पुन्हा मांडताना थोडी स्वतःचीही झडती घ्यावी लागते.

२०२४ साली थायलंडमध्ये साडेचौदा लाखांहून अधिक वाहने तयार झाली आणि त्यांतील निम्म्याहून जास्त परदेशी गेली. मलेशियात आठ लाखांच्या आत तयार झाली आणि ती बहुतेक घरच्याच बाजारात खपली. एवढे वाचून थायलंड जिंकला असे कोणी म्हणेल. पण त्याच थायलंडने २०१३ साली साडेचोवीस लाखांच्या घरात वाहने काढली होती. उत्पादन तेथून एवढे खाली आले. विक्रीचे चित्र तर याहून वेगळे आहे. लोकसंख्येने मलेशियाच्या दुप्पट असलेल्या थायलंडमध्ये २०२४ साली सहा लाखांहूनही कमी वाहने विकली गेली, तर मलेशियात आठ लाखांच्या वर. माणशी उत्पन्नही मलेशियाचे दीडपट भरते. तेव्हा निकाल इतक्या घाईने देता येणार नाही.

पिंपरी, भोसरी, चाकणच्या वाचकाला या परदेशी हिशेबाशी काय करायचे आहे, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे की हे दोन्ही रस्ते आपल्या हवेली, मावळ आणि खेड तालुक्यांतून गेलेले आहेत. पहिला पिंपरीतून गेला, दुसरा चाकणमधून.

आधी मलेशियाचा रस्ता पाहू. १९६९ साली तेथे मलय आणि चिनी समाजांत मोठी दंगल झाली. व्यापार चिन्यांच्या हातात आणि मलय मुसलमान शेतात किंवा सरकारी नोकरीत, ही विषमता त्यामागे होती. त्यावर उपाय म्हणून १९७१ साली नवे आर्थिक धोरण आले. उद्योग-व्यवसायातील भांडवलाचा तीस टक्के वाटा भूमिपुत्रांकडे जावा, असे त्याचे उद्दिष्ट होते. १९८३ साली स्थापन झालेली प्रोटॉन ही त्याच धोरणाची लेक म्हणता येईल. पहिली सागा १९८५ साली रस्त्यावर आली. तिचा सांगाडा आणि इंजिन मित्सुबिशीच्या घरचे. परदेशी मोटारींवर जबर जकात बसवून तिला संरक्षण दिले गेले, आणि सुटे भाग मलय उद्योजकांकडून घ्यावेत म्हणून पुरवठादारांची खास योजना आखली गेली. हेतू उत्तम होता, यात शंका नाही. ज्या समाजात चार पिढ्यांत कोणी लेथवर उभा राहिला नव्हता, त्या समाजातून कारखानदार उभे राहिले. त्यांना हिणवण्याचे कारण नाही.

पण चूक एका ठिकाणी झाली. या पुरवठादारांना एकच गिऱ्हाईक मिळाले आणि ते गिऱ्हाईक भाव, दर्जा, मुदत यांबाबत त्यांच्याशी फार कठोर नव्हते. एकेकाळी देशातील साठ टक्क्यांहून अधिक मोटारी विकणारी प्रोटॉन २०१६च्या सुमारास पंधरा टक्क्यांच्याही खाली आली, तेव्हा तिच्याबरोबर हे लहान कारखानेही खाली आले. दुसऱ्या कोणाला माल विकावा, तर त्या दर्जाची सवयच नव्हती. २०१७ साली चीनच्या जीली कंपनीने प्रोटॉनचा ४९.९ टक्के हिस्सा घेतला. मोटारींच्या आयातीचे परवानेही भूमिपुत्रांसाठी होते, परंतु २००५ साली त्यांची यादी उघड झाली तेव्हा त्यांतील बहुतेक मोजक्याच माणसांच्या हाती असल्याचे दिसून आले. समाजाच्या नावाने मिळालेली सवलत समाजातल्या पाच-पंचवीस घरांत जिरते, हा अनुभव काही फक्त मलेशियाचा नाही.

मलेशियाची दुसरी कंपनी पेरोदुआ ही १९९३ची. तिने दायहात्सूचे तंत्र गुपचूप स्वीकारले, लहान आणि स्वस्त गाड्या काढल्या, स्वाभिमानाची भाषणे केली नाहीत, आणि आज त्या देशात सर्वांत जास्त गाड्या तीच विकते.

थायलंडने स्वतःच्या नावाची मोटार करण्याचा नाद धरला नाही. १९८५नंतर येनचा भाव वाढला, जपानी कंपन्या स्वस्त जागा शोधू लागल्या आणि थायलंडने दार उघडले. लाएम चाबांग बंदर १९९१ साली सुरू झाले आणि त्याच्या पाठीशी चोनबुरी, रायोंग येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. थाई सरकारने एक गोष्ट मात्र हुशारीने केली. सगळ्या प्रकारच्या गाड्यांमागे न लागता एक टनी पिकअपवरचा कर कमी ठेवला. शेतकऱ्याला ती परवडली, घरचा बाजार तयार झाला आणि त्या बळावर जगभर निर्यात सुरू झाली. २ जुलै १९९७ रोजी बाथ कोसळला तेव्हा घरचा बाजार बसला, पण पडलेल्या चलनामुळे निर्यात स्वस्त झाली. २००० साली देशी सुट्या भागांची सक्तीही उठवली गेली.

या यशाची किंमत कोणी दिली हे सहसा सांगितले जात नाही. १९९७च्या संकटात कर्जात बुडालेल्या अनेक थाई घराण्यांनी आपले सुट्या भागांचे कारखाने जपानी भागीदारांना विकले. जे उरले ते दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर ढकलले गेले. कारखाना थायलंडमध्ये, कामगार थाई, पण गाडीचा आराखडा जपानमध्ये ठरतो आणि आता चीनमध्येही ठरू लागला आहे. २०२४ साली रायोंगमध्ये चिनी बीवायडीचा विजेवरील गाड्यांचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी सुझुकीने तेथला आपला कारखाना बंद करण्याची घोषणा केली. पाहुणे बदलले की यजमानाने ताट बदलायचे, अशी ही स्थिती आहे.

संस्कृतीच्या बाबतीतही हे दोन देश एकमेकांकडे पाठ करून बसलेले आहेत असे नाही. १९०९च्या इंग्रज-सयाम तहाने सीमा आखली, पण पट्टणी, याला, नराथिवात या थाई प्रांतांतले बहुसंख्य लोक मलय मुसलमानच आहेत. त्यांच्या व्यथांचा विषय वेगळा आहे आणि तो गंभीर आहे. येथे व्यापारापुरते एवढेच नोंदवतो की बौद्ध बहुसंख्येच्या थायलंडने हलाल खाद्यपदार्थांच्या निर्यातीत मोठे नाव मिळवले आणि त्यासाठी बँकॉकच्या चुलालाँगकोर्न विद्यापीठात हलाल तपासणीचे शास्त्रीय केंद्र काढले. गिऱ्हाईकाची श्रद्धा आपली नसली तरी तिचा मान राखून माल विकता येतो, हे त्यांनी मलेशियाच्या शेजारी बसून शिकून घेतले.

आता आपल्या घराकडे येऊ. पिंपरीचा रस्ता मलेशियासारखा होता, पण एका बाबतीत फार वेगळा. परवाना राज होते, परदेशी गाड्यांना बंदी होती, देशी कंपन्यांना संरक्षण होते, हे सगळे सारखेच. पण टेल्कोने पुण्यात १९६६ साली सुरुवात केली ती हत्यारे-साचे बनवण्यापासून आणि शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणापासून. सुमंत मुळगावकर यांची ती दृष्टी होती. पुण्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडायला १९७७ साल उजाडले. अकरा वर्षे आधी हात तयार केले, मग गाडी. त्या हातांपैकी कितीतरी जण पुढे नोकरी सोडून भोसरीत एक-दोन लेथ टाकून बसले आणि आज त्यांची मुले व्हीएमसी मशीन चालवतात. १९९८ साली इंडिका आली तेव्हा तिच्यासाठीची यंत्रसामग्री ऑस्ट्रेलियातील निसानच्या बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेली होती, पण ती उतरवून घेऊन चालवणारे हात येथे तयार होते. प्रोटॉनला मित्सुबिशीकडून उसने घ्यावे लागले ते हेच.

संरक्षणाचा तोटाही आपण भोगला. आकुर्डीत स्कूटरसाठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे होते, तेव्हा सुधारणेची घाई कोणाला होती? पुढे बजाजने पुरवठादारांची संख्या कमी केली, कारखाना चाकणला आणि मग उत्तराखंडात पंतनगरला नेला आणि २००७ साली आकुर्डीतले उत्पादन थांबवले. ज्याचा सगळा माल एकाच फाटकातून आत जात होता त्याला त्या दिवशी प्रोटॉनच्या पुरवठादाराचे दुःख कळले असेल. २०२२ साली त्याच आकुर्डीत विजेवर चालणारी चेतक बनू लागली. पण जुन्या चेतकला लागणारा पिस्टन किंवा क्लच या नव्या चेतकला लागत नाही.

चाकणचा रस्ता थायलंडचा आहे. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाजवळ २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी मर्सिडीज पिंपरीहून चाकणला गेली. फोक्सवॅगनने येथली व्हेंटो वर्षानुवर्षे मेक्सिकोला पाठवली. महिंद्रचा मोठा कारखाना हा चाकणातला देशी अपवाद. पण न्हावा शेवा बंदर येथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर ट्रक तासन्‌तास अडकतात. लाएम चाबांगच्या पाठीशी वसलेल्या वसाहतीशी आपली तुलना येथेच तुटते.

आता एकच प्रसंग दोन्हीकडे कसा घडला पाहा. जनरल मोटर्सचा एक कारखाना रायोंगला, एक तळेगावला. २०२० साली कंपनीने दोन्हीकडून काढता पाय घेतला. दोन्ही कारखान्यांना गिऱ्हाईक एकच मिळाले, चीनची ग्रेट वॉल. रायोंगचा कारखाना तिने घेतला आणि २०२१ साली तेथून गाड्या निघू लागल्या. तळेगावचा करार मात्र सीमेवरील तणावानंतर परवानगीत अडकला आणि २०२२ साली मोडला. सरकारचा निर्णय देशाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य असेल, त्याबद्दल येथे वाद घालायचा नाही. पण हजाराहून अधिक कामगार नोकरीसाठी न्यायालयात फेऱ्या मारत होते आणि कारखाना उभाच होता. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने त्याचा ताबा घेतला. दरम्यानच्या तीन वर्षांत ज्या लघुउद्योजकाने जनरल मोटर्ससाठी कर्ज काढून साचे केले होते, त्याने हप्ते कसे भरले असतील?

म्हणून "देशी कंपनी की परदेशी कंपनी" हा वाद आपल्या भोसरीच्या गाळ्यापुरता तरी निरर्थक आहे. दोन्ही मारतात, फक्त वेगवेगळ्या तऱ्हेने. गाळेवाल्याकडे स्वतःचे साचे करण्याचे ज्ञान आहे की नाही, आणि त्याचा माल घेणारे किमान तीन दरवाजे आहेत की नाहीत, हे दोन प्रश्न खरे. त्या तीनपैकी एक दरवाजा मोटारीच्या धंद्याबाहेरचा असावा. पंप, शेतीची अवजारे, वैद्यकीय उपकरणे, काहीही. गाडी विजेवर गेल्यावर ज्यांचे काम जाणार आहे त्यांनी तर आजच शोध घ्यावा.

मलेशियाकडून घेण्यासारखी गोष्ट प्रोटॉनमध्ये नाही, ती पेनांगमध्ये आहे. तेथे १९७२ साली मुक्त व्यापार क्षेत्रात परदेशी इलेक्ट्रॉनिक कंपन्या आल्या आणि १९८९ साली राज्य सरकार व या कंपन्यांनी मिळून एक कौशल्य केंद्र उभे केले. कोणते शिक्षण द्यायचे ते कंपन्या ठरवतात, यंत्रेही त्याच पुरवतात. चाकणच्या कंपन्यांनी असे एक सामायिक केंद्र आणि साचेघर काढावे, ज्यात लहान पुरवठादाराला तासाच्या भाड्याने यंत्र मिळेल. आमच्या व्यापारी संघटना मंत्र्यांना निवेदने देतात, ती बहुधा जकातीची, करांची किंवा रस्त्यांची असतात. या मागणीचे निवेदन माझ्या तरी वाचनात नाही.

आणि जागेचा प्रश्न. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागात चार हजारांहून अधिक बांधकामे पाडली. तेथे परवानगीविना शेड होत्या, भंगाराच्या आगी लागत होत्या, इंद्रायणीचे पाणी बिघडत होते. या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण त्या पत्र्यांखाली भंगारवाल्यांबरोबर जॉबवर्क करणारे कितीतरी लहान कारखानदारही होते आणि त्यांच्याकडून माल घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी शेड कायदेशीर आहे की नाही हे कधी विचारले नव्हते. भंगार उचलणारा माणूस हा याच साखळीतला शेवटचा दुवा आहे. चाकणच्या कारखान्यातून निघालेला पत्र्याचा तुकडा त्याच्याच हातून पुन्हा भट्टीत जातो. परदेशी कंपनीला शंभर एकर देणाऱ्या एमआयडीसीने चाकणच्या नव्या टप्प्यांत हजार चौरस फुटांचे, भाड्याने मिळणारे गाळे किती बांधायचे ठरवले आहेत, हे आपल्या लघुउद्योजकांनी लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच मागावे.