जबलपूर जिल्ह्याचे आकडे आणि येणारी जनगणना

केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार देशाच्या नव्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ ही ठरविण्यात आली आहे. २०२१ साली व्हावयाची ही शिरगणती सहा वर्षे लांबणीवर पडली. प्रथम महासाथीचे कारण पुढे करण्यात आले. महासाथ ओसरल्यानंतरही प्रशासकीय सीमा गोठविण्याच्या मुदती एकामागून एक वाढविल्या गेल्या. या दिरंगाईची किंमत कोणी मोजली, हे सांगावयास नको. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली धान्य मिळण्यास पात्र असलेल्यांची संख्या २०११च्या गणतीवरच बेतली गेली. त्यानंतर वाढलेली तोंडे सरकारच्या हिशेबात नाहीत. केनियासारख्या, ब्रिटिश वसाहतवादाच्या जोखडातून आपल्यानंतर सोळा वर्षांनी मुक्त झालेल्या देशाने २००९ नंतर २०१९ साली आपल्या सत्तेचाळीसही परगण्यांची शिरगणती ठरल्या वेळी पार पाडली. जगातील मोठी अर्थसत्ता म्हणून मिरविणाऱ्या सरकारला मात्र आपली माणसे मोजण्यास सवड झाली नाही.

आता गणती होत आहे, तेव्हा तिच्याकडे केवळ कारकुनी कामकाज म्हणून पाहणे ही राजकीय चूक ठरेल. कोणाची नोंद होते, कोणत्या सदरात होते आणि कोणाची होतच नाही, या प्रश्नांशी श्रमिक जनतेच्या भाकरीचा संबंध आहे. हे स्पष्ट होण्यासाठी मध्य भारतातील एकच जिल्हा, जबलपूर, विचारात घेऊ.

जबलपूर मराठी वाचकांना परके नाही. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतात, विदर्भाबरोबर त्याचाही कारभार चालत असे. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याने जो मालगुजार पाहिला, तोच जबलपूरच्या शेतकऱ्यानेही पाहिला.

२०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या २४,६३,२८९ होती. दहा वर्षांत ती साडेचौदा टक्क्यांनी वाढली. दर चौरस किलोमीटरला ४७३ माणसे. साक्षरता ८१ टक्के. अनुसूचित जाती सुमारे १४ टक्के, अनुसूचित जमाती सुमारे १५ टक्के. आणि शहरी लोकसंख्या ५८ टक्क्यांहून अधिक. उच्च न्यायालय, रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय, कृषी विद्यापीठ आणि शस्त्रास्त्रांचे चार कारखाने असलेला हा जिल्हा. एवढे वाचून कोणीही म्हणेल की हा प्रगत, शहरी, साक्षर जिल्हा आहे. सरकारी पुस्तिका तसेच म्हणतात.

परंतु उरलेले सुमारे १० लाख २३ हजार लोक खेड्यांत राहतात. पाटण आणि शहपुरा येथील काळी कसदार जमीन आणि कुंडमचे डोंगराळ, गोंड बहुसंख्येचे माळरान यांची सरासरी काढली, तर जो आकडा हाती येतो तो पाटणलाही लागू पडत नाही आणि कुंडमलाही नाही. जमीनदार आणि शेतमजूर यांच्या उत्पन्नाची बेरीज करून तिला दोनाने भागण्याचे हे गणित आहे.

लोकसंख्येच्या आकड्यामागे वर्गसंबंध कसे दडलेले असतात, याचा धडा याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १८७० साली जबलपूर येथे मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला. नर्मदेच्या खोऱ्यातील गहू आगगाडीत चढून बंदराकडे आणि तेथून विलायतेकडे जाऊ लागला. रेल्वे आली म्हणजे दुष्काळ हटेल, असे साम्राज्याचे अधिकारी सांगत होते. १८९६-९७ साली दुष्काळ पडला, पाठोपाठ १८९९-१९०० साली पुन्हा पडला. आणि १९०१च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या ६,८०,५८५ भरली, म्हणजे दहा वर्षांत नऊ टक्क्यांनी घटली. ज्या रुळांवरून धान्य आत यावयाचे, त्यांच्यावरून ते बाहेर जात राहिले होते, कारण खरेदीची ताकद भुकेल्यांपाशी नव्हती. त्याच १९०१ साली ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत झोपडी-कर बसविला. तेथे झोपड्या मोजल्या गेल्या त्या झोपडीतील माणसाला गोऱ्या मळेवाल्याच्या शेतावर मजुरीस लोटण्यासाठी. सत्ता माणसे मोजते ती आपल्या गरजेपुरती, ही वसाहतवादाची शिकवण होती. स्वातंत्र्यानंतर ती बदलावयास हवी होती.

ती किती बदलली, हे बरगी धरणाने दाखविले. नर्मदेवरील या पहिल्या मोठ्या धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू झाले. १०१ गावे बाधित होतील, असा सरकारी अंदाज होता. जलाशय भरला तेव्हा जबलपूर, मंडला आणि शिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली. पुनर्वसनासाठी वसविलेल्या काही वसाहतींतही पाणी शिरले. विस्थापितांचा आकडा १ लाख १४ हजारांपर्यंत सांगितला जातो. एकसष्ट गावे अधिकाऱ्यांच्या हिशेबात नव्हती, पाण्याच्या हिशेबात मात्र होती. ज्यांची गणतीच झाली नव्हती, त्यांना नुकसानभरपाई कोणत्या वहीतून मिळणार?

चार लाख हेक्टरांहून अधिक जमीन भिजविण्याचे आश्वासन देऊन हे धरण बांधले गेले. धरण उभे राहिल्यानंतर कित्येक वर्षे कालवे अपुरेच राहिले. उजव्या कालव्याचे पाणी कटनी, सतना, रीवाकडे नेण्यासाठी २००८ साली हाती घेतलेला सुमारे १२ किलोमीटरचा स्लीमनाबाद बोगदा ठरलेल्या मुदतीनंतर दशकाहून अधिक काळ रखडला. जमीन गेलेल्या गोंड व इतर कष्टकरी कुटुंबांपैकी अनेकजण जबलपूरच्या झोपडपट्ट्यांत आले, सायकलरिक्षा ओढू लागले, बांधकामावर मजुरी करू लागले. शिरगणतीत ते आता ‘शहरी’ झाले. जिल्ह्याच्या त्या ५८ टक्क्यांत, ज्यांना प्रगतीचे लक्षण समजले जाते, नर्मदेच्या काठावरून हुसकावलेला शेतकरीही मिसळलेला आहे. अन्नसुरक्षा कायदा देशपातळीवर ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकांना कवेत घेतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘शहरी’ या एका शब्दाची किंमत कळते. विस्थापितांनी संघटित होऊन लढा दिला, तेव्हाच १९९४ साली जलाशयातील मासेमारीचा हक्क त्यांच्या सहकारी संघाच्या पदरात पडला. पुढे तोही टिकू दिला गेला नाही. आणि त्याच जलाशयाच्या काठी मंडला जिल्ह्यात चुटका येथे अणुवीज प्रकल्पाची योजना आखून, एकदा उठविलेल्या लोकांपुढे पुन्हा उठण्याचे संकट उभे करण्यात आले.

शेतीकडे वळू. या भागात ‘हवेली’ नावाची एक जुनी पद्धत होती. काळ्या जमिनीच्या शेतांना उंच बांध घालून पावसाळाभर पाणी साठवावयाचे आणि पावसाळा सरताच ते वरच्या शेतातून खालच्या शेतात क्रमाने सोडून, मुरलेल्या ओलीवर गहू-हरभरा पेरावयाचा. तणही मरत असे आणि विहिरीचे पाणीही टिकत असे. पण वरच्याने पाणी केव्हा सोडावयाचे याविषयी गावात एकमत असल्याखेरीज ही शेती चालत नसे. ती एका प्रकारे सामूहिक शिस्तीची शेती होती. सोयाबीन आले, कूपनलिका आल्या, कालव्याच्या टापूत धान आले आणि बांध फुटत गेले. उत्पादन वाढले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु बियाणे, खत, डिझेल आणि वीज या प्रत्येक गोष्टीसाठी शेतकरी बाजारावर अवलंबून झाला. जबलपूरच्या हिरव्या वाटाण्याला ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ म्हणून गौरविण्यात येते. ऐन हंगामात सगळा माल एकाच वेळी बाजारात येतो आणि भाव कोसळतो. शीतगृह व प्रक्रिया ज्यांच्या हाती, नफाही त्यांच्याच हाती. शेंगा तोडणाऱ्या शेतमजूर स्त्रीचे नाव या गौरवात कोठेच येत नाही.

देशाच्या २०१५-१६च्या कृषी गणनेप्रमाणे ८६ टक्के खातेदार अल्प व अत्यल्प भूधारक होते आणि सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर होते. एवढ्या तुकड्यावर कुटुंब जगत नाही, म्हणून ते दुसरे काम शोधते. जबलपूर जिल्ह्यात हे दुसरे काम पिढ्यान्‌पिढ्या विडीचे आहे. मध्य प्रदेशने १९६४ साली कायदा करून तेंदूपानाचा व्यापार राज्याच्या ताब्यात घेतला. उन्हाळ्यात कुंडमकडील आदिवासी कुटुंबे पाने तोडतात, पन्नास पानांच्या गड्ड्या बांधतात आणि फडावर नेऊन देतात. तीच पाने पुढे कारखानदाराच्या सट्टेदारामार्फत, मोजून दिलेल्या तंबाखूसह, खेड्यातील आणि शहराच्या वस्त्यांतील स्त्रियांच्या सुपात येतात. हजार विड्यांमागे मजुरी ठरते. सट्टेदार विड्या तपासतो, नापसंत ठरलेल्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो आणि त्यांचे पैसे देत नाही. पाने कमी पडली, तर ती त्या स्त्रीनेच पदरचे पैसे घालून आणावयाची.

विडी व सिगार कामगारांसाठीचा १९६६चा कायदा दीर्घ लढ्यातून आला. घरी बसून विड्या वळणारी स्त्रीसुद्धा कामगारच आहे, हे त्याने मान्य केले. कारखानदार न्यायालयात गेले; सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली हा कायदा उचलून धरला. १९७६ साली कल्याणनिधी स्थापन झाला. पुढे काय घडले? २०१७ साली वस्तू व सेवा कर आणताना या निधीला पैसा पुरविणारा उपकर रद्द झाला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी श्रमसंहिता अमलात आणून १९६६चा स्वतंत्र कायदाही मोडीत काढण्यात आला. शस्त्रास्त्र कारखान्यांच्या कामगारांवरही असाच वार झाला: १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ कारखान्यांचे सात कंपन्यांत विभाजन झाले, आणि विरोध मोडण्यासाठी त्याच वर्षी संपबंदीचा कायदा करण्यात आला. जबलपूरचे चारही कारखाने त्यात आले. आसपासच्या खेड्यातील तरुणाला कायम नोकरीची जी एक आशा होती, ती कंत्राटी कामात विरघळत आहे. संघटित कामगार आणि विडी वळणारी स्त्री यांचे प्रश्न वेगळे आहेत, असे समजणाऱ्यांनी या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

येथेच जनगणनेचा प्रश्न निकरावर येतो. वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम करणारा तो मुख्य कामगार, त्याहून कमी तो सीमान्त कामगार. आणि कामाची सदरे चार: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. गणकाने दारात उभे राहून घरच्या पुरुषाला विचारावे, “तुमची पत्नी काय करते?” आणि त्याने उत्तर द्यावे, “काही नाही, घरीच असते.” त्या क्षणी पहाटेपासून विड्या वळणारी, दुपारी वाटाणा तोडणारी, संध्याकाळी सरपण आणणारी स्त्री कागदावर बिनकामाची ठरते. जी कामगार म्हणून नोंदली गेली नाही, तिचा किमान वेतनाचा, ओळखपत्राचा, प्रसूतिरजेचा हक्क कोण ऐकून घेणार? कायदा मोडीत निघाल्यावर तर ही नोंद हाच उद्याच्या लढ्याचा पुरावा राहणार आहे.

यावेळी जातींचीही नोंद होणार आहे. १९३१ नंतर जनगणनेतून सर्व जातींचे देशव्यापी आकडे प्रसिद्ध झालेले नाहीत. पक्षाने या मागणीचे स्वागत केले पाहिजे. त्याचबरोबर जात आणि जमीन, जात आणि मजुरी यांचे नाते उघडे करणारी माहिती जाहीर व्हावी, असा आग्रहही धरला पाहिजे. संख्या मोजून मतपेढ्या बांधावयाच्या आणि जमिनीच्या प्रश्नाला हात लावावयाचा नाही, हा शासनकर्त्या वर्गाचा डाव ओळखणे आवश्यक आहे.

तेव्हा कर्तव्य स्पष्ट आहे. पक्षाच्या शाखांनी, किसान सभा, शेतमजूर आणि विडी कामगार संघटनांनी पुढील गोष्टी हाती घ्याव्यात. एक, प्रत्येक गावात व वस्तीत बैठका घेऊन स्त्रियांना आपले काम स्वतः सांगण्यास सिद्ध करावे. विडी, शेतमजुरी, पानतोड या कामांची नावे घेऊनच नोंद व्हावी. दोन, धरणग्रस्त व इतर विस्थापित कुटुंबांची गाववार यादी शाखेने स्वतः तयार करून ठेवावी. तीन, हंगामी कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे गणतीतून सुटू नयेत म्हणून गणकांच्या कामाच्या तारखा आधीच कळवाव्यात आणि लक्ष ठेवावे. चार, तहसीलवार व गाववार आकडे विनाविलंब प्रसिद्ध करण्याची आणि त्यांच्या आधारे रेशनची पात्रता त्वरित वाढविण्याची मागणी लावून धरावी.

हे जबलपूरचे झाले. परंतु सोलापुरातील विडी कामगार, गोंदियाचे पानतोडे, कोयनेचे धरणग्रस्त यांना ही कहाणी वाचताना आपल्याच गावाची ओळख पटेल. १०१ गावांचा अंदाज आणि १६२ गावांचा बुडीत भाग यांमधील अंतर पुन्हा पडू द्यावयाचे नसेल, तर श्रमिक जनतेने आपली मोजदाद आपल्या संघटनेच्या बळावर करवून घेतली पाहिजे. ही गणती सरकारची असली, तरी तीत मोजली जाणारी माणसे आपली आहेत.