चकतीची नाजूक पाठ

सीडीची चकचकीत बाजू लोक जिवापाड जपतात आणि नाव मात्र पाठीवर बॉलपेन दाबून लिहितात. खरी नाजूक बाजू तीच! १.२ मिलिमीटर जाडीच्या सीडी-आरमध्ये, म्हणजे घरी लिहिता येणाऱ्या सीडीत, माहितीचा थर आणि त्यामागचा धातूचा पातळ आरसा छापील बाजूलाच असतो; वर संरक्षणाला फक्त लॅकरचा लेप. पेनाच्या टोकाने आरसा चेपला, की लेझरला तिथे काही वाचता येत नाही. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध दडलेला असतो, पण कागदी स्टिकरने ती वाकू शकते आणि तिरपेपणा तिला सीडीपेक्षा कमी सोसतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २००३ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत स्टिकर टाळा, द्रावकरहित शाईचा, मऊ टोकाचा मार्कर घ्या, असं सांगितलं होतं. मधल्या पारदर्शक कड्यावर लिहिणं तर सर्वांत निर्धास्त. ५२ एक्स वेगाला चकती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. कडेने सुटलेला स्टिकर अशा वेळी ड्राइव्हच्या आतच सोलून निघतो. चकतीइतकीच नाजूक असते ती वाचणारी लेन्स. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये ती सहसा ट्रेवरच उघडी असते, तिच्यावरची धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवावी. तोंडाने फुंकर मारणारे हौशी कारागीर धुळीच्या जागी थुंकीचे शिंतोडे ठेवून जातात.