आपले वाहन : टायमिंग चेन बदलताना यतना



जळगाव-धुळ्याच्या अनेक व्यापारी कुटुंबांच्या दारी आजही स्विफ्ट वा डिझायरची जुनी डिझेल गाडी उभी असते. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारींचे उत्पादन थांबविले, म्हणजे या गाड्यांचे वय आता वाढतच जाणार. त्यांच्या १२४८ सीसी इंजिनात पट्ट्याऐवजी टायमिंग चेन असते. ‘चेन जन्मभर टिकते’ या समजुतीने तिच्याकडे दुर्लक्ष होते. ऑइल वेळेवर न बदलल्यास साखळी झिजून लांबते, आणि ऑइलच्या दाबावर चालणारा टेन्शनर तिला ताणून धरू शकत नाही. सकाळी इंजिन सुरू होताना येणारा खडखडाट ही पहिली सूचना होय.

क्रँकचे दोन फेरे, तेव्हा कॅमशाफ्टचा एक. हा मेळ साखळी राखते. ती काढल्यावर दोहोंपैकी एकच फिरला, तर वर आलेला पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला भिडतो. व्हॉल्व्ह वाकतात, रॉकर तुटतात आणि साखळीचे काम हेड उघडण्यापर्यंत जाते.

वस्तू उचलता-ठेवताना यतना राखावी, असे आदाननिक्षेपण समिती सांगते. गॅरेजमध्येही तीच दृष्टी हवी. साखळी काढण्यापूर्वी क्रँक व कॅमशाफ्ट त्याच इंजिनासाठी बनविलेल्या लॉकिंग पिनांनी जागेवर अडकवावेत. पुलीचा बोल्ट मात्र त्या पिनांच्या आधाराने सोडवू नये. कॅमशाफ्ट वेगळा फिरविणे अटळच असेल, तर आधी चारही पिस्टन मध्यावर आणावेत. साखळीबरोबर टेन्शनर, गाइड आणि चक्रेही नवी घालावीत.

जोडणी झाल्यावर लगेच स्टार्टर मारू देऊ नये. पिना काढून, पाना लावून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे सावकाश फिरवावा आणि पिना पुन्हा सहज बसतात का, हे पाहावे. मध्येच अडले तर जोर न करता थांबावे. हाताला जाणवणारी अडचण स्टार्टरला जाणवत नाही. हे दोन फेरे आपल्यासमोर करावेत, असे मिस्त्रींना आधीच सांगून ठेवावे.

एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्यावर खडखडाट होऊन इंजिन अचानक बंद पडले, तर पुन्हा सेल्फ मारू नये, गिअरमध्ये टाकून धक्काही देऊ नये. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून टोचन करून न्यावी.